भिंतीला पाठ

(दृश्य: कोल्हापूर, जुन्या पेठेतली गल्ली, सकाळ. दुकानांची शटरं वर जातायत.)

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती तिथंच, फुटबॉलची टीम तिथंच आणि गल्लीतल्या भांडणाचा निवाडाही तिथंच. ज्यांच्यावर ही फिल्म आहे, ते अशाच एका तालमीत जोर-बैठका मारत मोठे झाले. वय ५५च्या पुढं. नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, ही त्यांची अट. गल्ली त्यांना दादा म्हणते, म्हणून आम्हीही दादाच म्हणू.

सुरुवात मटक्यापासून झाली. आधी आकड्याची वसुली, मग खासगी सावकाराची, मग जागा खाली करून देणं. दादा हे सांगताना आवाज चढवत नाहीत आणि डोळेही पुसत नाहीत. किराण्याची यादी वाचावी तसं सांगतात: दोन कोयते, एक एडका (तेही धारदार हत्यारच), एक घोडा, म्हणजे पिस्तूल. घोडा कधी चालवला का, असं विचारलं. उत्तर आलं नाही. एकदा पेपरात 'फाळकूट दादा' असं छापून आलं होतं, ते मात्र त्यांना कोठडीपेक्षा जास्त लागलं.

(दृश्य: कागलच्या पुढचा हायवे.)

१९५१च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. बोलीत तडीपार. कोल्हापूरच्या तडीपाराला निपाणी जवळ पडते. कागल ओलांडलं की कर्नाटक. दादा तिथं एका लॉजवर राहिले. आषाढात गल्लीतल्या बायका पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीच्या टेकडीकडं निघाल्या, पुढं पी-ढबाक वाजत होतं, आणि दादा ते मोबाईलवर बघत होते.

"आवाजच नीट यीना. नुसती माणसं हलताना दिसायची."

नंतर मोक्का लागला. १९९९चा हा कायदा टोळ्यांसाठीच केलेला. जामीन महाकठीण, आणि आरोपपत्र दाखल करायला पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. त्यातलं खरं हत्यार वेगळंच आहे. एरवी पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. मोक्कात अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं रीतसर नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. दादांच्या ताटात जेवलेल्या एकानं तसा जबाब दिला.

राग आला?

"न्हाई. मी बी दिला असता."

एवढं बोलून ते चहा मागवतात. टोळीतल्या भावकीच्या गप्पा आम्ही पुष्कळ ऐकल्या होत्या. या पाच शब्दांनंतर त्या पुन्हा विचाराव्याशा वाटल्या नाहीत.

(दृश्य: मिसळीचं दुकान. कोपऱ्यातलं टेबल.)

बाहेर कुठंही बसायचं तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं. मोटरसायकल दारात थांबली की घास हातात राहतो. सोबतचे काही मारले गेले, काही कळंब्याच्या जेलात आहेत, एक-दोघं आता प्रतिष्ठित झालेत आणि रस्त्यात ओळख देत नाहीत. तारखेला कसबा बावड्यातल्या कोर्टात जायचं असतं, तेवढाच दिवस कामाचा. बाकीच्या संध्याकाळी काय करायचं, हे या माणसाला खरंच माहीत नाही. टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात. जिन्यावर कोण चढतंय ते ऐकू यायला हवं.

शुगर निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. रंकाळा जवळ. पण रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेनं चालणारा माणूस गाठायला सोपा, हे दादांना कुणी सांगायला नको. याच हिशेबानं त्यांनी एकेकाळी माणसं गाठली. आता ते गच्चीवर चालतात, पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत आणि परत.

गेल्या महिन्यात गल्लीच्या तोंडाला भाच्याच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक लागला. वरच्या कोपऱ्यात दादांचा जुना फोटो, डोळ्यांवर गॉगल. दादांनी फोन केला, "माझा फोटो काढ त्यातला."

"राहू द्या की मामा," भाचा म्हणाला. "तुमचा फोटो असला की वर्गणीला कोण न्हाई म्हणत न्हाई."