सावज, दबा आणि हातातले सेकंद

(दृश्य: काळंभोर अवकाश. मधोमध एक अजस्र गेट. त्याभोवती घिरट्या घालणारी चार-पाच लढाऊ जहाजं.)

खेळाचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने 2003 साली आणलेला. एक मालवाहू जहाज गेटमधून उडी मारून या सूर्यमालेत आलंय, आणि समोर ही मंडळी वाट अडवून बसलीत. नवखा खेळाडू इथे हमखास एकच गोष्ट करतो. घाबरून जहाज हलवतो. तिथेच खेळ खल्लास.

कारण गेटमधून आलेलं जहाज जागचं हललं नाही, तर पूर्ण एक मिनिट कुणालाच दिसत नाही. टपून बसलेल्यांना एवढंच कळतं की कुणीतरी आलंय. नेमकं कुठे, कशात बसून, काही नाही. ते मिनिट तुमचं असतं.

दबा धरणाऱ्याने जागा निवडलेली असते, वेळ निवडलेली असते, बहुतेकदा सावजही. पण पहिल्या काही सेकंदांत डाव साधला नाही तर तो फिसकटायला लागतो. म्हणून वाचायचं असेल तर समोरच्याला मारायचा नाद सोडायचा आणि त्याचे सेकंद खायचे.

(दृश्य: तेच गेट, आता जवळून. जहाजांभोवती मोठा पारदर्शक बुडबुडा.)

मग त्या मिनिटात काय करायचं? आधी बघायचं. वार्प, म्हणजे दूरवर झटक्यात घेतलेली झेप, अडवणारा बुडबुडा पसरलाय का? शत्रूची जहाजं किती लांब आहेत? जहाज छोटं आणि चपळ असेल, बुडबुडा नसेल, तर सरळ वार्प. ईव्हचा सर्व्हर सेकंदा-सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यामुळे दोन सेकंदांच्या आत दिशा धरणारं जहाज निशाण्यावर घ्यायलाच वेळ पुरत नाही. जहाज जड असेल तर वळून परत गेटकडे. अंतर साधारण बारा-पंधरा किलोमीटर, इंजिन तापवून गाठता येतं.

मात्र या धावपळीत एकही गोळी झाडायची नाही. हल्ला केला की साठ सेकंद गेट तुमच्यासाठी बंद. गंमत अशी की हाच नियम त्यांनाही लागू आहे. तुमच्यावर तुटून पडलेले सगळे गेटच्या अलीकडे अडकतात आणि तुम्ही पलीकडे निसटता. रागाच्या भरात एक तोफ डागली, की हा सगळा फायदा स्वतःच्या हाताने घालवला.

आता ईव्हच्याच ‘सुरक्षित’ म्हणवल्या जाणाऱ्या भागाकडे वळू. तिथे काँकॉर्ड नावाचे पोलीस आहेत. ते हल्ला थांबवत नाहीत, फक्त हल्लेखोराला संपवतात, आणि तेही थोड्या वेळाने. त्या सूर्यमालेच्या सुरक्षेचा आकडा 1.0 असेल तर लवकर, 0.5 असेल तर उशिरा. त्या मधल्या सेकंदांसाठी स्वस्तातली जहाजं घेऊन टोळी येते. आपली जहाजं जाणार हे धरूनच चालते. आधी एकजण तुमचा माल स्कॅन करतो आणि हिशोब मांडतो: फुटलेल्या जहाजातून साधारण निम्मा माल हाती लागेल, आपली किती जहाजं जातील, खाली काय उरेल? त्या हिशोबात तोटा दिसला पाहिजे, बस. एकाच खेपेत सगळी दौलत भरून निघणाऱ्याला कुठलंही चिलखत पुरत नाही.

(दृश्य: घनदाट जंगल. खेळाडू एका राक्षसाशी लढतोय. मागून एक अंधुक सावली सरकते.)

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये घात येतो तो पाठीमागून. ‘रोग’ (rogue), म्हणजे लपून वार करणाऱ्या वर्गातला खेळाडू अदृश्य होऊन थांबतो. तुमची शक्ती अर्धी होईपर्यंत, तुमचं लक्ष राक्षसाच्या लुटीवर जाईपर्यंत. मग स्टन, म्हणजे काही सेकंद तुम्ही जागच्या जागी सुन्न, आणि तो उतरायच्या आत दुसरा स्टन. त्यातून सुटायची एक जादुई वस्तू, ट्रिंकेट, तुमच्याकडे असते, पण एकदा वापरलं की बराच वेळ निकामी. नवखा ते पहिल्याच स्टनला उडवतो. मुरलेला दात-ओठ खाऊन पहिला मार सोसतो आणि ट्रिंकेट पुढच्या, लांबच्या स्टनसाठी राखतो. एकाच प्रकारचा स्टन पुन्हा पुन्हा लावला की तो कमी कमी टिकतो. हल्लेखोराचे पत्ते संपतात, तुमचे अजून हातात असतात. बाकी ‘हा काय प्रकार आहे?’ असं चॅटमध्ये लिहिता लिहिता किती जण मेले असतील, देव जाणे.

(दृश्य: ओल्ड स्कूल रूनस्केपची उजाड जमीन. कोपऱ्यातल्या नकाशावर अचानक एक पांढरा ठिपका.)

वाइल्डरनेस, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात तो भाग. पांढरा ठिपका म्हणजे दुसरा खेळाडू, म्हणून इथे कोपऱ्यातला नकाशा बघणं ही अर्धी लढाई. जितकं आत जाल तितकी या भागाची लेव्हल वाढते. साधं टेलिपोर्ट, म्हणजे जादूने क्षणात दुसरीकडे जाणं, विसाव्या लेव्हलपर्यंतच चालतं, ग्लोरीचा ताईत गळ्यात असेल तर तिसाव्यापर्यंत. त्याहून आत असाल तर ठिपका दिसताच दक्षिणेकडे पळत सुटायचं. पाठलाग करणाऱ्याचं हत्यार म्हणजे टेलिब्लॉक. तो बसला की पाच मिनिटं टेलिपोर्ट बंद. पण जादूपासून बचावाची प्रार्थना आधीच चालू असेल तर त्याचा काळ निम्मा होतो. आणि मेलात तरी सगळ्यात मौल्यवान तीन वस्तू उरतात, मात्र डोक्यावर कवटी नको. पहिला वार तुम्ही केलात तर ती कवटी तुमच्या डोक्यावर येते.

खेळ बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. अल्टिमा ऑनलाइन 1997 मध्ये आलं आणि लुटारूंनी नवख्यांना इतकं पिडलं, की 2000 साली त्या जगाची दोन रूपं करावी लागली. एक मोकाट, एक सुरक्षित. रूनस्केपने 2007 च्या डिसेंबरमध्ये वाइल्डरनेसमधली मोकळी मारामारी काढून टाकली, आणि खेळाडूंच्या मागणीवरून 2011 मध्ये परत आणली. ज्यांना लुटलं जात होतं त्यांनाही धोका नसलेलं वाइल्डरनेस अळणी वाटलं असणार, असा आपला अंदाज.

(दृश्य: स्मशानातून धावत निघालेला करड्या रंगाचा आत्मा.)

आणि शेवटी मरण आलंच तर? वॉरक्राफ्टमध्ये आत्मा धावत आपल्या प्रेताकडे जातो. खुन्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो प्रेतापाशीच ठाण मांडून बसतो. प्रेतावरच उठायची सक्ती नाही. आसपासच्या परिघात कुठेही उठता येतं. एखादा खडक, घराची मागची बाजू, उताराखालची झाडी. तेही नको असेल तर स्मशानातल्या देवदूताकडून उठायचं. चिलखताची पार दुर्दशा होते, आणि वरच्या लेव्हलला दहा मिनिटं अंगात त्राण राहत नाही. पण तुमच्या प्रेतावर पहारा देणारा ती दहा मिनिटं तिथेच उभा असतो.