बंद गाडीतला मोकळा माल

मित्रहो, भिवंडीच्या गोदामांतून बत्तीसफुटी बंद गाड्या कशा भरतात, हे तुम्ही रोज पाहता. माथाडी बांधव थप्प्या लावतात, सुपरवायझर खोकी मोजतो, दार लागतं, सील पडतं आणि बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, ड्रायव्हरच्या हातात येते. आत माल कसा बसलाय, हे घाटातून गाडी नेणाऱ्यानं बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं. उघड्या ट्रकचा सैल दोरखंड मागून येणाऱ्यालाही दिसतो. बंद गाडीत मात्र ‘चारी बाजूंनी पत्रा आहे, माल जाईल कुठे?’ असं आपण धरून चालतो. हा समज जिवावर बेतणारा आहे, म्हणून आज मी थोडं गणित मांडणार आहे.

बंद कंटेनरमध्ये माल कसा भरावा, याची एक आंतरराष्ट्रीय संहिता २०१४ साली तयार झाली. तिच्यानुसार रस्त्यावरच्या गाडीत मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेनं आणि ०.५ पट जोर बाजूंना आणि मागे येऊ शकतो, असं धरून बांधणी करायची. म्हणजे १० टन मालाला जोराचा ब्रेक लागला, की ८ टनांचा रेटा केबिनच्या दिशेनं. पॅलेट (ज्यावर माल रचतात ती लाकडी चौकट) आणि गाडीच्या तळाच्या फळ्यांमधलं घर्षण ०.३ धरलं, तर त्यातले ३ टन जमीनच अडवते. उरले ५ टन.

आता रॅचेट बेल्ट, म्हणजे खटक्यानं ताणायचा पट्टा, घ्या. हातानं ताणल्यावर त्यात साधारण ३०० किलोंचा ताण येतो असं समजा. मालावरून टाकलेला बेल्ट दोन्ही बाजूंनी खाली ओढतो, म्हणजे माल जास्तीत जास्त ६०० किलोंनी दाबला जातो. ०.३ घर्षणानं त्याची पकड होते १८० किलो. पाच टनांसाठी अठ्ठावीस बेल्ट लागतील! तेवढे कुणी बांधत नाही. आपण दोन टाकतो आणि निश्चिंत होतो.

त्याच पॅलेटखाली घर्षण ०.६ देणारी रबरी चटई टाका. आता जमीनच ६ टन अडवते, उरतात २ टन, आणि प्रत्येक बेल्टची पकड होते ३६० किलो. सहा बेल्टांत काम होतं. कोपऱ्यांवर ताण थोडा मरतो, म्हणून आठ टाका. चटईचा हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ती पुन्हा पुन्हा वापरता येते आणि अंथरायला वेळ लागत नाही.

दुसरा उपाय म्हणजे मोकळी जागा ठेवायचीच नाही. माल पुढच्या भिंतीला भिडवा, फटींत रिकामी पॅलेट, लाकडी ठोकळे किंवा एअर बॅग (हवा भरून फुगवायची पिशवी) भरा. एअर बॅग दाराला टेकवून मात्र कधीही लावू नका. आणि भिंतीवर सगळी भिस्त नको. जहाजावर जाणाऱ्या कंटेनरची पुढची भिंत त्याच्या कमाल मालवजनाच्या ०.४ पट जोराला तपासलेली असते, तीही जोर सगळीकडे सारखा पसरला तर. यंत्राचा एक कोपरा आदळला, तर हा हिशेब लागूच होत नाही.

उंचीकडेही लक्ष द्या. एक मीटर रुंदीची दोन पॅलेट एकावर एक चढवून थप्पी २.२ मीटर झाली, की वळणावरच्या ०.५ च्या जोरानं ती चटईमुळे सरकली नाही, तरी कलंडू शकते. तिला शेजारच्या थप्पीचा किंवा ठोकळ्याचा आधार हवाच.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, त्यामुळे वजनाची काळजी सगळे घेतात. पण आतला माल बांधलाय की मोकळा, हे वजनकाट्याला कळत नाही. ते फक्त भरतानाच पाहता येतं. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’, म्हणजे हमालीचा खर्च मालाच्या मालकानं करावा, ही वाहतूकदारांची जुनी मागणी. बेल्ट, चटई, ठोकळे आणि बांधणीची मजुरी हेही त्याच हिशेबात आलं पाहिजे. ड्रायव्हरच्या भत्त्यातून हा खर्च निघणार नाही, आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) घेऊन थप्पी लावणाऱ्यावरही तो टाकता येणार नाही.

म्हणून गोदामवाल्यांना माझं सांगणं आहे, सील ड्रायव्हरसमोर लावा. त्याआधी त्याला आत बघू द्या, बांधलेल्या मालाचा फोटो बिल्टीसोबत द्या. शेवटच्या रांगेसमोर आडवा बेल्ट किंवा जाळी हवी, कारण वाटेत सरकलेला माल दार उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. माल उतरवताना आधी उजवं दार हळूच, थोडंसं उघडा. उघडणाऱ्यानं दाराच्या आडोशाला राहावं, आणि बाकी कुणी मागे उभं राहू नये.