पदर सुटायला हवे असतील तर पाणी सांभाळा

नमस्कार मंडळी. आज फळं भरलेली पफ पेस्ट्री घरी कशी भाजायची यावर गप्पा मारूया. आधीच सांगून टाकते, पहिल्यांदा केली तेव्हा माझी पार फजिती झाली होती. वरून एकदम झकास, फुगलेली, तांबूस, फोटो काढावा अशी, मी दोन-तीन फोटो काढलेसुद्धा, आणि मग भाच्याने एक उचलली तर वरचं कवच त्याच्या हातात आणि सफरचंदाचं सारण खाली ट्रेवर, आणि तळ म्हणजे नुसता ओला लगदा. "मावशी, हिला चमचा लागेल," तो म्हणाला. पोरगं खरं तेच बोललं. वाट्या काढल्या, चमच्याने खाल्लं सगळ्यांनी, चव चांगली होती म्हणा, पण त्याला पेस्ट्री म्हणायला जीभ रेटेना.

नंतर बऱ्याचदा करून आणि बऱ्याचदा बिघडवून माझ्या लक्षात आलं की या पदार्थात सगळा खेळ पाण्याचा आहे. पेस्ट्री फुगते ती पाण्यामुळे आणि बसते तीही पाण्यामुळेच. पिठातलं आणि बटरमधलं पाणी आपल्या बाजूचं, फळातलं पाणी विरुद्ध पार्टीचं. हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकीची कृती पाठ करावी लागत नाही.

आता बघा, पफ पेस्ट्रीत असतं काय तर मैदा, पाणी, मीठ आणि बटर. यीस्ट नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. तरी ओव्हनमध्ये ती चारपाच पट उंच होते, कशाने? वाफेने. साध्या बटरमध्ये 80 ते 82 टक्के चरबी असते आणि साधारण 16 टक्के पाणी, म्हणजे 250 ग्रॅम बटर घेतलं तर त्यात 40 ग्रॅम पाणी दडून बसलेलं असतं, शिवाय पिठात आपण घातलेलं वेगळं. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या 1600 पटींहून जास्त जागा मागते. ती जागा मिळवायला वाफ वरच्या पदराला ढकलते, मधल्या बटरमुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि तेवढ्यात उष्णतेने पीठ कडक होऊन आहे त्या उंचीवर थांबतं. हे सगळं पटापट व्हायला लागतं. ओव्हन नीट तापलेला नसेल तर वाफ जोर धरायच्या आत बटर वितळून ट्रेमध्ये वाहून जातं, आणि मग आपण पेस्ट्री भाजत नसतो, तुपात तळत असतो.

पदर किती असतात ते ऐकून गंमत वाटेल. पिठाच्या पारीत बटरची चौकोनी वडी ठेवायची, पाकीट बंद करायचं, लांब लाटायचं आणि पत्राची घडी घालतो तशी तीन पदरी घडी घालायची. एका घडीला बटरचे 3 थर, दुसऱ्या घडीला 9, मग 27, 81, 243, आणि सहाव्या घडीला 729. सहाच घड्या हं! फ्रेंचांची एक प्रसिद्ध पेस्ट्री आहे, मिल-फय, म्हणजे हजार पानं. मला आधी वाटायचं की नावात थाप आहे, कुठे 729 आणि कुठे हजार, पण ती तीन पत्रे एकावर एक रचून करतात, म्हणजे 729 गुणिले 3, 2187 झाले, उलट बिचाऱ्यांनी कमीच सांगितलंय.

हे पीठ घरी करायचं का विकतची फ्रोझन शीट आणायची? माझं स्पष्ट मत, पहिल्या दोन-तीन वेळा शीटच आणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पट्टीचे घरगुती बेकरही वापरतात. फक्त पाकिटामागची यादी वाचून घ्या, बटरची आहे की मार्गारिनची, कारण दोन्ही फुगतात छान पण चवीत जमीन-अस्मानाचा फरक, मार्गारिनची खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट थर राहतो. आणि शीट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सैल होऊ द्या, ओट्यावर नाही. ओट्यावर ठेवली की कडा वितळतात आणि मधोमध अजून दगड, उलगडायला गेलं की घडीवर तडकते, मग आपण चिडतो.

घरी करायचंच असेल तर 250 ग्रॅम मैदा, 125 मिली गार पाणी, 5 ग्रॅम मीठ आणि 200 ते 250 ग्रॅम बटर. पीठ फार मळू नका, जेमतेम गोळा झाला की बस, कारण लाटताना पुढे तिंबलं जाणारच आहे. खरी परीक्षा बटरची. लाटून चौकोन केलेली बटरची वडी हातात धरून हळूच वाकवा, ती वाकली पाहिजे, मोडता कामा नये आणि बोटाला चिकटताही कामा नये. मोडली तर फार गार आहे, पिठात तिचे तुकडे होतील आणि थर तुटतील. चिकटली तर फार मऊ आहे, पिठात मुरून जाईल आणि पदर सुटणारच नाहीत, बिस्किटासारखं काहीतरी होईल. पीठ आणि बटर दोन्ही सारखेच मऊ असले पाहिजेत, एवढी एक गोष्ट जमली की अर्धं काम झालं. दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये. हा अर्धा तास वाचवायला जाऊ नका, मी वाचवलाय, लाटलेलं पीठ रबरासारखं मागे येतं आणि उरलेला तासभर तुम्ही त्याच्याशी कुस्ती खेळत बसता.

आता येऊया फळाकडे, म्हणजे आपल्या विरुद्ध पार्टीकडे. सफरचंदात जवळपास 85 टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत तर 90च्या वर. 600 ग्रॅम सफरचंद कच्चंच चिरून, साखर भुरभुरून पारीत बंद केलं तर आत अर्धा लिटर पाणी कोंडल्यासारखं आहे, आणि साखर तर फळातलं पाणी ओढून बाहेर काढणारच, मग तळाचा लगदा होणार नाही तर काय! माझं पहिल्या वेळी नेमकं हेच झालं होतं, वर आणखी शहाणपणा म्हणजे गरम गरम सारण भरलं होतं, म्हणजे ओव्हनमध्ये जायच्या आधीच खालचं बटर वितळलेलं.

म्हणून सारण आधी शिजवून घ्यायचं. सफरचंदं थोडी आंबट घ्या आणि शिजल्यावर विरघळून न जाणारी, एक सेंटिमीटरचे तुकडे करा, चिरता चिरता लिंबू पिळत राहा म्हणजे काळी पडत नाहीत. 600 ग्रॅमला 60-70 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, दालचिनी आवडत असेल तर अर्धा चमचा. हे पसरट पॅनमध्ये, पातेल्यात नाही, कारण पातेल्यात वाफ कोंडते आणि आपल्याला तर ती घालवायचीय. पाच मिनिटांत तुकडे रसात पोहायला लागतात आणि वाटतं बिघडलं, बिघडलेलं नसतं, आच मोठी ठेवा आणि रस आटू द्या. शेवटी एक चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून घाला आणि रटरट उकळी येऊ द्या, नुसतं गरम करून भागत नाही, उकळी आली नाही तर ते नीट घट्ट होत नाही आणि चवीला पिठूळ लागतं. झालं की नाही ते असं बघा, लाकडी चमचा पॅनच्या तळातून ओढा, मागे रस्ता पडतो, तो रस्ता दोन-तीन सेकंद उघडा राहिला तर झालं. लगेच भरून आला तर अजून थांबा. मग ताटात पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये टाका, खरंच गार, कोमट नाही.

स्ट्रॉबेरी किंवा तशी नाजूक फळं असतील तर शिजवून त्यांचा जॅमच होतो, तिथे उलट करा, साखर लावून अर्धा तास ठेवा, सुटलेला रस गाळून तेवढाच आटवा, पाकासारखा झाला की गार करून फळात परत मिसळा. माझ्या मते यात चव जास्त राहते. पीचचं किंवा नासपतीचं सफरचंदासारखंच करायचं, फक्त कमी वेळ. डबाबंद फळ असेल तर चाळणीत निथळून वर कागदी टॉवेलने टिपून घ्या. आणि उघडी पेस्ट्री करणार असाल, म्हणजे चौकोनावर पातळ चकत्या मांडून, तर कच्चं फळ चालतं, कारण वरून वाफ जायला मोकळं असतं.

भरायच्या वेळी पारी 3 मिलिमीटर जाडीची, 12 सेंटिमीटरचे चौकोन. सुरी धारदार हवी आणि ती वरून सरळ खाली दाबायची, ओढायची नाही. ओढली की कडेचे थर एकमेकांत चेंगरतात आणि तेवढ्या बाजूला पेस्ट्री उठतच नाही, एक बाजू उंच एक बाजू बसकी, असं का होतं ते मला वर्षभर कळलं नव्हतं. मधोमध दोन चमचे सारण, हावरटपणा नको, सारणाखाली चमचाभर बिस्किटाचा किंवा बदामाचा भरड चुरा टाकलात तर चुकारपणे सुटलेला रस तो पिऊन घेतो. कडेला पाण्याचं बोट फिरवा, त्रिकोणी दुमडा, काट्याने दाबत जा. वरून फेटलेलं अंडं ब्रशने लावा, अंडं नको असेल तर दूध, चकाकी थोडी कमी येते पण रंग येतो. फक्त ते कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नका, ओघळलेलं अंडं कडेचे पदर गोंदासारखे चिकटवून टाकतं. फ्रेंचमध्ये अशा दुमडलेल्या सफरचंदाच्या पेस्ट्रीला शोसों म्हणतात, म्हणजे मऊ सपाता, आणि खरंच, ट्रेवर ओळीने मांडल्या की दाराबाहेर काढून ठेवलेल्या सपातांसारख्याच दिसतात.

मग परत अर्धा तास फ्रीज. हो, परत. तोवर ओव्हन 210 डिग्रीवर तापवत ठेवा आणि आत एक रिकामा धातूचा ट्रे ठेवून तोही तापवा. माझा जुना काचेचा ट्रे सावकाश तापायचा, म्हणून तळ कच्चा राहण्यात त्याचाही वाटा होता. आता मी पेस्ट्रीज बेकिंग पेपरवर मांडते आणि कागदासकट तापल्या ट्रेवर सरकवते, खालून चटका बसतो आणि तळ लगेच धरतो. सरकवायच्या आधी वर सुरीने दोन-तीन चिरा, वाफ जायला. त्या चिरा विसरलात तर वाफ आपली वाट आपणच काढते, बहुतेक वेळा कडेने, आणि सारण बाहेर येऊन ट्रेवर जळतं.

15 मिनिटं 210 वर, दार उघडायचं नाही, काचेतून बघा हवं तर, बघण्यासारखं असतंही, आठव्या-नवव्या मिनिटाला कडा पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडायला लागतात. मग 180 वर आणखी 10 ते 15 मिनिटं. बहुतेक जण इथे घाबरून लवकर काढतात. वरून पिवळसर सोनेरी दिसली म्हणजे झाली असं नाही, चांगला तांबूस तपकिरी रंग येऊ द्या, चिरांमधून रस जाडसर बुडबुडे काढत असला पाहिजे, आणि उलथन्याने एक उचलून तळ बघा. तळाला रंग असेल आणि नखाने टकटक केल्यावर पोकळ वाजत असेल तर काढा. काढल्यावर लगेच जाळीवर ठेवा, ट्रेवरच राहू दिल्यात तर खालची वाफ गार होऊन पुन्हा पाणी होतं आणि इतका वेळ सांभाळलेला तळ शेवटच्या पाच मिनिटांत ओला. 15-20 मिनिटं धीर धरा, आतलं सारण जीभ पोळेल इतकं तापलेलं असतं.

ज्या दिवशी केली त्याच दिवशी खाल्लेली बरी. उरलीच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये 180 वर 5-7 मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही, चामडं होतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे भरून झाल्यावर न भाजताच निम्म्या फ्रीझरमध्ये टाकायच्या, महिनाभर राहतात, आणि लागेल तेव्हा सैल न करता तशाच थेट ओव्हनमध्ये, फक्त पाच-सात मिनिटं जास्त.

आणि हो, चौकोन कापताना कडेच्या पट्ट्या उरतात त्या गोळा करून मळू नका, पदर मोडतील. एकावर एक रचून ठेवा, हलक्या हाताने लाटा, वर साखर भुरभुरा, पीळ घालून त्याच ट्रेच्या कोपऱ्यात भाजायला टाका. आमच्याकडे भाचा आला की आधी त्याच मागतो. चमचा लागत नाही म्हणतो.