वंगणाच्या सुईनंतरचे दोन दिवस

गुडघ्याच्या सांध्यात टोचायच्या या सिरिंजमधील द्रव पाण्यासारखा नितळ दिसतो, पण थेंब सोडला की त्याला मधासारखी तार येते. वेष्टनावर त्याचे नाव हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असे लिहिलेले असते. गुडघ्याची झीज झालेले रुग्ण मात्र त्याला सरळ 'वंगण' म्हणतात.

हे द्रव्य शरीराला परके नाही. निरोगी गुडघ्यात जेमतेम ३-४ मिलीलिटर द्रव असतो आणि त्याचा चिकटपणा याच द्रव्यामुळे टिकतो. झीज होऊ लागली की त्याचे प्रमाण घटते, त्याच्या लांब साखळ्या तुटतात, आणि म्हणूनच ते बाहेरून भरून काढावे ही कल्पना पुढे आली. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते प्रथम गाईच्या डोळ्यातील द्रवातून वेगळे केले. पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून ते मुबलक मिळते असे दिसून आले, आणि तुऱ्यापासून बनवलेल्या अशा इंजेक्शनांना अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. तीही औषध म्हणून नव्हे, तर वैद्यकीय उपकरण म्हणून. आज काही उत्पादने जिवाणूंच्या साहाय्यानेही तयार होतात. हा तपशील केवळ कुतूहलाचा नाही. ज्यांना अंडी, पिसे किंवा पक्ष्यांपासून आलेल्या इतर पदार्थांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी सुई टोचण्यापूर्वीच ते डॉक्टरांना सांगायला हवे.

बहुतेकांना होणारा त्रास किरकोळ असतो. टोचलेल्या जागी दुखते, गुडघा थोडा सुजतो, हाताला कोमट लागतो, वाकवताना ताठरतो आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. बर्फाचा शेक आणि विश्रांती एवढे त्याला पुरते. पहिले ४८ तास धावणे, ओझी उचलणे आणि बराच वेळ उभे राहणे टाळावे, अशी सूचना उत्पादकांच्या माहितीपत्रकातच असते. इंजेक्शन घेऊन थेट कामावर जाणाऱ्यांच्या ती वाचनात येत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रियेत. पहिले इंजेक्शन विनासायास पार पडलेले असते, रुग्णाची भीड चेपलेली असते, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या इंजेक्शननंतर साधारण १ ते ३ दिवसांत गुडघा अचानक टम्म फुगतो, लाल होतो आणि पाय टेकवणेही अशक्य होते. रासायनिक जोड देऊन अधिक घट्ट केलेल्या प्रकारांत ही प्रतिक्रिया प्रामुख्याने नोंदवली गेली आहे. ती पहिल्या खेपेला सहसा येत नाही, यावरून शरीर त्या द्रव्याला आधीच 'ओळखू' लागलेले असावे, असा संशय घेतला जातो. म्हणून मागच्या वेळी काही झाले नव्हते, हा दिलासा इथे फारसा कामाचा नाही.

अडचण अशी की सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी गुडघा हुबेहूब असाच दिसतो. संसर्ग विरळा, पण उपचाराला उशीर झाला तर थोड्या दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, कायमची खराब करणारा. पाहून किंवा दाबून या दोहोंत फरक करता येत नाही. सुईने गुडघ्यातील पाणी काढून ते तपासणे, त्यात जंतू वाढतात का हे पाहणे, हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि शक्यतो तो अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी व्हायला हवा, कारण गोळीनंतर जंतू असूनही अहवालात न दिसण्याचा धोका असतो. त्याच पाण्यात कधी कॅल्शियमचे स्फटिक सापडतात. इंजेक्शनने त्यांचा सुप्त त्रास उफाळून आलेला असतो. जंतू नाहीत याची खात्री झाली, की सूज उतरवणाऱ्या औषधांनी रुग्ण बहुधा बरा होतो.

एवढी जोखीम कशासाठी, हा प्रश्न विचारायलाच हवा. २०२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील मोठ्या, नकली (म्हणजे हे द्रव्य नसलेल्या) इंजेक्शनशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत वेदना १०० च्या मापावर सरासरी अवघ्या २ अंकांनी जास्त उतरली होती, तर गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण खरे इंजेक्शन घेतलेल्यांत अधिक होते. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने त्याच वर्षी हे इंजेक्शन देऊ नये असा सल्ला दिला. तरीही आराम पडल्याचे काही रुग्ण मनापासून सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचे कारण नाही. मात्र नकली इंजेक्शन घेतलेल्यांनाही बराच आराम वाटला होता, हेही त्याच चाचण्यांत दिसते.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत अशा इंजेक्शनांचा एक संपूर्ण लॉट, म्हणजे एकाच वेळी तयार झालेला साठा, जंतुदूषणामुळे परत मागवावा लागला. गुडघे सुजलेल्या रुग्णांपैकी कोणाला त्याच लॉटची सुई मिळाली होती, हे वेष्टनावरच्या क्रमांकावरूनच कळू शकत होते. सुई टोचून झाल्यावर ते रिकामे खोके कचऱ्यात जाते. त्यावरचे नाव, लॉट क्रमांक आणि तारीख आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवायला एक मिनिटही लागत नाही.