२४ वर्षांच्या घोडीचा रेनकोट

[ठाण्यातलं येऊर, जुलैमधली सकाळ. पत्र्यावर पावसाचा आवाज. घोडी अजून दिसत नाही.]

घोडबंदर हे नाव ठाणेकर दिवसातून दहादा घेतो. ट्रॅफिकला शिव्या देताना घेतो, फ्लॅटचे भाव सांगताना घेतो. त्या बंदरात एकेकाळी अरबी घोडे उतरायचे म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. आणि त्याच शहरात म्हाताऱ्या घोडीसाठी पावसाळी झूल मागितली, तर दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग विचारतो, "ताडपत्री देऊ का?"

[शेडच्या दारातून राणीचं डोकं बाहेर येतं.]

ही राणी. वय २४. दात बघून काढलेलं आहे, तेव्हा एखादं वर्ष इकडेतिकडे. उमेदीची सगळी वर्षं तिनं वरातीत काढली. पुढे बेंजो, आजूबाजूला फटाके, पाठीवर तिच्याहून जास्त घाबरलेला नवरदेव. आता ती काही करत नाही. चरते, आणि बाकीचा वेळ आमच्याकडून कामं करून घेते.

पहिल्या पावसाळ्यात मी तिच्यासाठी चूक केली. परदेशातले व्हिडिओ पाहिले आणि ऑनलाइन एक टर्नआउट रग मागवला. टर्नआउट रग म्हणजे घोडा मोकळ्यावर चरत असताना अंगावर ठेवायची, पाणी अडवणारी झूल. मी घेतला त्याच्या आत चौरस मीटरला २०० ग्रॅमचं भरण होतं. गोधडीसारखा गुबगुबीत. सकाळी हौसेनं घातला. दुपारी सईसमामांनी, म्हणजे राणीची देखभाल करणाऱ्या मामांनी, त्याच्याखाली हात सरकवला आणि तो ओला हात माझ्यापुढे धरला.

"ताई, बाहेरचा पाऊस अडवलात. हा आतला पाऊस आहे."

[मामांचा हात, जवळून.]

मामा माणदेशातले. त्यांच्या गावात पाऊस म्हणजे बातमी. पण घोड्याच्या अंगाचं त्यांना माझ्याहून जास्त कळतं. साधारण ५ ते २५ अंश तापमानात घोड्याला अंग गरम ठेवायला किंवा गार करायला वेगळे कष्ट पडत नाहीत. आपल्याला कुडकुडायला लागतं तिथे तो मजेत असतो. शिवाय पोटात सुका चारा आंबत असतो, ती त्याची घरची शेगडी. आता ठाण्याचा जुलै घ्या. पावसातही पारा पंचविशीच्या खाली फारसा उतरत नाही, आणि हवा एवढी दमट की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत आम्ही तिला ब्रिटनच्या हिवाळ्याचा कोट घातला होता.

मग ओलीच ठेवायची का? तेही नाही. केस भिजून अंगाला चिकटले की त्यांच्यात कोंडलेली ऊबदार हवा निघून जाते. अंगावर मांस नसलेली म्हातारी घोडी वाऱ्यात तशी उभी राहिली तर कुडकुडतेच. आणि कातडी दिवसेंदिवस ओली राहिली की पाठीवर खपल्या धरतात, केस पुंजक्यापुंजक्यानं निघून येतात. तो जिवाणूंचा आजार आहे, आणि ओलावा हेच त्याचं खतपाणी. न सुकणाऱ्या झुलेखाली तर तो आणखी फोफावतो. ताडपत्री नको ती याचसाठी. ती पाणी अडवते, पण घामाची वाफही आत कोंडते.

माझं मत विचाराल तर पहिला खर्च रगवर करूच नका. पत्रा नीट करा, वाऱ्याची बाजू बंद करा, शेडची जमीन उंच करून घ्या. हे झाल्यावर रग. तोही बिनभरणाचा: बाहेरून पाणी अडवणारा, आतली वाफ बाहेर सोडणारा, आणि हलका. कापडाचा जाडपणा डेनियरमध्ये सांगतात. जाळीला, काट्यांना अंग घासणाऱ्या तरण्या घोड्याला १२०० डेनियर हवं असेल. राणीला ६०० पुरतं. तिच्या पाठीला वजनाचाच जाच जास्त.

[राणी आडवी उभी. कॅमेरा मानेपासून शेपटीपर्यंत सरकतो.]

ही पाठ बघा. वय झालं की कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरतं. मध्ये पाठ खचते. मान संपून पाठ सुरू होते तिथलं हाड डोंगराच्या सोंडेसारखं वर येतं. बाजारातले बहुतेक रग भरल्या अंगाच्या घोड्यावर बेतलेले असतात. तसा रग राणीला घातला की खुंटीला कोट अडकवावा तसा तो त्या एका हाडावर लटकतो. आठवड्याभरात तिथले केस झिजतात, मग कातडी सोलते.

माप घ्यायची रीत सोपी आहे. टेपचं टोक छातीच्या मधोमध धरायचं, खांद्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून ती आडवी न्यायची, पार पुठ्ठ्याच्या मागच्या कडेपर्यंत. राणीचं माप आलं ५ फूट ९ इंच. पण लांबी जुळली म्हणजे रग बसला असं नाही. आमचा पहिला रग लांबीला चोख होता आणि गळ्याला ढगळ. ती चार पावलं चालली की तो मागे सरकायचा आणि खांदे आवळायचा. आता आम्ही गळा जरा उंच कापलेला आणि खांद्यापाशी चुण्या असलेला घेतो. चुण्या असल्या की पाय पुढे टाकताना कापड ओढलं जात नाही. आणि रग घालून तिला चारा जमिनीवर देतो. मान खाली गेली तरी त्या उंच हाडावरून तळहात सहज फिरला पाहिजे, छातीपाशीही तेवढीच जागा हवी. उभ्या घोडीवर सगळेच रग छान दिसतात.

[पट्टे. मामांची बोटं.]

पोटाखालचे पट्टे फुलीसारखे येतात. पोट आणि पट्टा यांच्यात चार बोटांची जागा. त्याहून सैल राहिला तर लोळताना खूर त्यात अडकतो. राणीचे गुडघे धरलेत, तिला बसून उठायलाच दोन-तीन झटके द्यावे लागतात. त्यात पाय अडकला तर काय होईल, याचा मी रात्री विचार करत नाही. मागच्या पायांचे पट्टे एकमेकांतून ओवलेले, हुकाचं तोंड आत, तिच्या अंगाकडे. रग काढताना आधी मागचे पट्टे, मग पोटाचे, छातीचा बकल सगळ्यात शेवटी. उलट केलं आणि ती बिचकली, तर रग मागे घसरून तिच्याच पायांत येतो. आणि छातीवर उघडणाराच घ्यावा. डोक्यावरून चढवायचा रग मान आखडलेल्या जनावराला नको.

रोज काढतो. यात सुट्टी नाही. रगखाली घोडी कधी वाळत जाते ते कळत नाही. हेनेके या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये घोड्याच्या अंगाची १ ते ९ अशी पट्टी मांडली: १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चरबीच चरबी. ५ या आकड्याला बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागतात. राणी सध्या चारच्या आसपास आहे. मागे दाढा झिजल्यामुळे ती चाऱ्याचे चावलेले गोळे टाकून द्यायची. आता चंदी, म्हणजे तिचा दाणा, भिजवूनच देतो. कुणाकडे म्हाताऱ्या घोड्याचे केस लांब, कुरळे होऊन उन्हाळ्यातही गळत नसतील, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. ते बहुधा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं दुखणं असतं. ते केस कापावे लागतात, त्यांच्यावर रग चढवायचा नसतो.

बुरशीचं तर विचारूच नका. ठाण्यात बुरशी चपलांना सोडत नाही, रगला काय सोडणार! म्हणून दोन रग. एक अंगावर, एक पंख्याखाली. धुवायला साबणाची पावडर चालत नाही, कापडाची पाणी अडवायची ताकद जाते. साधं पाणी आणि मऊ ब्रश.

[दुपार. पावसाला उघडीप. दोरीवर रग, शेजारी मामांचा रेनकोट.]

आज ऊन पडलंय, रग काढलाय. मामांनी अर्धा तास खरारा केला. पांढरीशुभ्र झाली.

[राणी चार पावलं जाते, हुंगते, गुडघे मोडते आणि चिखलात आडवी होते.]

मामा: "झालं. आणा बादली."