रविवारी बंद

मंडळी, नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा रविवार न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगला जातो. बाऊन स्ट्रीटच्या गणपतीचं दर्शन, देवळाच्या कॅन्टीनमधला डोसा, मग आठवड्याचं वाणसामान. आमच्या घरी आणखी एक थांबा असायचा, मेन स्ट्रीटवरचं ग्रंथालय. लेक दोन वर्षांची असल्यापासून.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराच्या अंदाजपत्रकात कपात झाली आणि ग्रंथालयांचे रविवार गेले. आम्हाला कळलं ते दारात जाऊन. तिथे एक चिनी आजी बाबागाडी घेऊन उभ्या होत्या. नातवाच्या हातात जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कोपरा चावून चावून मऊ झालेलं. आजी दारावरचा कागद बघत होत्या, तो त्यांना वाचता येत नव्हता. माझ्या पाच वर्षांच्या मुलीने अक्षरावर बोट ठेवत तो वाचला. कुणाच्या मदतीशिवाय तिने वाचलेली ती पहिली सूचना: रविवारी बंद.

तिचं पाटीपूजन आम्ही दसऱ्याला केलं होतं. पण वाचन पाटीच्या कितीतरी आधी सुरू होतं, हे मला त्या ग्रंथालयातल्या गोष्टीच्या तासाला कळलं. बोला, गा, वाचून दाखवा, रेघोट्या मारू द्या, खेळा, असं तिथल्या बाई सांगायच्या. आणि हे सगळं तुमच्या स्वतःच्या भाषेत. टाळ्या वाजवत म्हटलेल्या बडबडगीतात यमक कानावर पडतं, शब्दाचे तुकडे पाडता येतात हे मुलाला उमगतं, आणि तोच कान पुढे इंग्रजी वाचतानाही कामाला येतो. म्हणून तान्ह्या बाळाशी अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते, मराठीत बोला. भरपूर बोला.

आपल्या मुलांचं तसं निभावतं. घरात पुस्तकं आहेत, आजी-आजोबा सहा महिने येऊन राहतात. पण सहा दिवस राबणाऱ्या आईला मुलासोबत पुस्तकांत बसायला रविवारच मिळतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यामागची पायपीट विसरतो. या शहरात ते अंगण म्हणजे ग्रंथालय, असं मी मानते.

रविवार परत मिळावेत म्हणून शहरभरातल्या लोकांनी पत्रं लिहिली, सह्या जमवल्या, सिटी कौन्सिलच्या सुनावण्यांना हजेरी लावली. मीही बोलले. दोनच मिनिटं मिळतात. मी आकडेवारी बाजूला ठेवली आणि त्या आजींबद्दल, त्या चावलेल्या पुस्तकाबद्दल सांगितलं. माझ्या आधी एक टॅक्सीचालक बोलले, नंतर बालवाडीच्या एक शिक्षिका. जून २०२४ मध्ये शहरातल्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय संस्थांना मिळून ५ कोटी ८३ लाख डॉलर परत मिळाले आणि त्या उन्हाळ्यात रविवार पुन्हा सुरू झाले.

त्या दिवशी सभागृहात मी मराठी माणसं शोधत होते. एकही दिसलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं, कारण आपल्याला मुलांच्या शिक्षणाची कळकळ नाही असं कोण म्हणेल? बहुतेकांना वाटतं, आपण व्हिसावर आहोत, आपल्याला काय अधिकार. पण या सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. घरी बसून झूमवरूनही बोलता येतं. बोलायचं नसेल तर सुनावणीनंतर ७२ तासांपर्यंत लेखी म्हणणं पाठवता येतं. इंग्रजीची अडचण असेल तर आधी कळवून दुभाष्या मागता येतो.

शहराचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे दरवर्षी मार्च आणि मे महिन्यात हा विषय पुन्हा उभा राहतो. येत्या सुनावणीला मंडळातून किमान दहा जण हवेत. आजी-आजोबा आले तर फारच छान. आणि एक विनंती, ग्रंथालयाच्या आपापल्या शाखेत जाऊन लहान मुलांची मराठी पुस्तकं मागा. मागणी असली तरच ती कपाटात येतील. मराठीतून गोष्टीचा तास घ्यायला कुणी तयार असेल तर शाखेत विचारायला मी सोबत येईन.

जेवणानंतर मी चहाच्या टेबलापाशी वही घेऊन बसणार आहे. तुमचं नाव आणि घराजवळची शाखा, एवढंच लिहा.