खाल्लेलं अंगी लागतं कसं?

[दृश्य: तोंडाकडे येणारा घास, अगदी जवळून]

घास गिळला की आपण म्हणतो, पोटात गेला. शरीराच्या हिशेबात मात्र तो अजून बाहेरच आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत ही एकच सलग नळी, दोन्ही टोकांना उघडी. तिची भिंत ओलांडून अन्न रक्तात उतरलं, तरच ते अंगी लागलं. आणि ही भिंत सबंध घासाला वाट देत नाही. आधी स्टार्चचं ग्लुकोज, प्रथिनांची अमिनो आम्लं आणि चरबीची मेदाम्लं व्हावी लागतात.

हे फोडकाम तोंडातच सुरू होतं. दिवसभरात लिटर-दीड लिटर लाळ सुटते आणि तिच्यातलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चच्या लांब साखळ्या तोडायला घेतं. पिठूळ पदार्थाचा घास मिनिटभर चावत राहा, गोडसर लागेल. तो गोडवा तिथल्या तिथे तयार झालेल्या माल्टोजचा. विकरं कणाच्या पृष्ठभागावरच काम करतात, त्यामुळे जितकं बारीक चावाल तितका त्यांना वाव जास्त.

गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं. घास तोंडात असताना बोललो-हसलो की ते वेळेवर पडत नाही आणि ठसका लागतो. पुढे 25 सेंटिमीटरची अन्ननलिका. तिचे स्नायू मागून आवळत घास पुढे ढकलतात. घट्ट घासाला खाली पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. माणूस उलटा टांगलेला असला तरी घास जठरातच जातो.

[दृश्य: जठराचा आतला भाग, चुण्यांसह]

जठरात काय चालतं, हे डोळ्यांनी पाहायची संधी एका अपघाताने मिळाली. 1822 मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठरात उघडणारं भोक कधीच बुजलं नाही. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने ओढून पाहायचे. जठरातला रस बाटलीत काढून अंगाइतका कोमट ठेवला, तर त्यात मांस बाहेरही विरघळायचं. पचन म्हणजे नुसतं दळणं नाही, त्यात रसायनाचं काम आहे, हे 1833 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून ठसलं.

तो रस म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, सामू (पीएच) साधारण दीड ते दोन. त्यात पेप्सिन प्रथिनं तोडतं. स्वतः जठर यातून वाचतं ते श्लेष्माच्या, म्हणजे बुळबुळीत चिकट द्रवाच्या, जाड थरामुळे आणि त्या थरात मुरलेल्या, आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेटमुळे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं हे संरक्षण कमकुवत करतात आणि मग अल्सर होऊ शकतो.

तरीही जठराला श्रेय जरा जास्तच मिळतं. इथून रक्तात जवळजवळ काहीच शोषलं जात नाही. पूर्ण जठर काढलेली माणसं थोडं थोडं खाऊन जगतात. बी-12 जीवनसत्त्व मात्र त्यांना सहसा इंजेक्शनने घ्यावं लागतं, कारण ते शोषायला लागणारं प्रथिन जठरातच बनतं.

जठर तयार झालेला आंबट लगदा हप्त्याहप्त्याने लहान आतड्यात सोडतं. आम्ल पोचताच आतड्याची भिंत सिक्रेटिन रक्तात सोडते. 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी शोधलेलं हे पहिलं संप्रेरक (हार्मोन). त्याचा निरोप मिळताच स्वादुपिंड बायकार्बोनेट ओतून आम्ल मारतं. स्वादुपिंडाची प्रथिनं तोडणारी विकरं कुलूपबंद निघतात. किल्ली आतड्याच्या भिंतीत असते. पित्ताचा खडा वाटेत अडकला की ही विकरं कधी कधी स्वादुपिंडातच उघडतात आणि त्यालाच पचवू लागतात. पोटात वरच्या बाजूला उठून पाठीत जाणारी ती भयंकर कळ याचीच.

पित्तात एकही पाचक विकर नाही. तेलकट भांड्यावर साबण करतो तेच ते करतं: चरबीचे बारीक थेंब पाडतं, म्हणजे चरबी तोडणारं लायपेज हे विकर त्यांना भिडू शकतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली व्हिलाय, संथ हालचाल]

आता लहान आतड्याची ती भिंत. मिलिमीटरभर उंचीचे, बोटांसारखे हे व्हिलाय. प्रत्येकाच्या पेशींवर त्याहून सूक्ष्म केसाळ कड. टेनिस कोर्टाएवढं क्षेत्रफळ असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीत ते 30 चौरस मीटरच्या आसपास भरलं, अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाहूनही कमी. जाडी मात्र एका पेशीची.

शेवटचा घाव या केसाळ कडेवरच बसतो. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज इथे कमी पडलं, तर ती साखर तशीच पुढे सरकते, पाणी ओढते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यापासून वायू करतात. दूध पिऊन पोट फुगतं ते यामुळे.

ग्लुकोजचं दार मजेशीर आहे: ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी. जुलाबात हे दार बहुधा शाबूत असतं, जलसंजीवनी चालते ती त्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. पुडी लिटरची असेल तर पाणीही लिटरभरच हवं. कमी पाण्यात कालवली तर द्रावण दाट होऊन आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात.

ग्लुकोज आणि अमिनो आम्लं थेट यकृताकडे जातात. चरबीची वाट वेगळी: ती लसीका (लिम्फ) हा द्रव वाहणाऱ्या लसीकावाहिन्यांतून मानेच्या मुळाशी रक्ताला मिळते. म्हणून तेलकट जेवणानंतर आतड्यातली लसीका दुधासारखी पांढरी दिसते.

दिवसाला लहान आतड्यात सुमारे 9 लिटर द्रव येतो. त्यातला प्यायलेला जेमतेम 2 लिटर, बाकी शरीराचेच रस. मोठ्या आतड्यापर्यंत उरतो दीडेक लिटर आणि तिथेही बहुतेक शोषला जाऊन मलातून शे-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो.

[दृश्य: व्हिलायच्या टोकावरून गळणारी पेशी]

या भिंतीच्या पेशी तीन ते पाच दिवसच टिकतात. टोकाला पोचल्या की गळून नळीत पडतात. तिथे त्यांची प्रथिनंही तुटतात, अमिनो आम्लं होतात आणि नव्या पेशींनी भरलेल्या त्याच भिंतीतून परत आत घेतली जातात.